आधी प्रकल्प, मग प्रमाणपत्र

गुणवत्ता सुधारणेच्या प्रशिक्षणावर कंपनीने पैसे घालावेत का, हा प्रश्न दरवर्षी बजेटच्या वेळी निघतो आणि दरवर्षी त्याचे उत्तर चुकीच्या आकड्यांवरून दिले जाते. किती जणांचा कोर्स झाला, त्यातून किती यलो बेल्ट आणि किती ग्रीन बेल्ट (सिक्स सिग्मा या गुणवत्ता सुधारणेच्या पद्धतीतल्या पातळ्या; त्यांच्या वर ब्लॅक बेल्ट) निघाले, माणशी किती तास वर्ग झाले, हे सगळे खर्चाचे आकडे आहेत. अहवालात ते फायद्याच्या रकान्यात बसवले जातात, वित्त विभागाला त्यात काही सापडत नाही, आणि विक्री थोडी घसरली की पहिली कात्री या खर्चाला लागते. आमचे म्हणणे असे की हे प्रशिक्षण बहुतेक धंद्यांना फायद्याचे आहे. पण आज ते ज्या पद्धतीने विकत घेतले जाते त्या पद्धतीने तो फायदा हाती लागत नाही. क्रम उलटा करायला हवा. आधी एक नेमका प्रकल्प आणि त्याची आजची मोजलेली स्थिती, मग त्या प्रकल्पाला लागेल तेवढे शिक्षण, मग सुधारणा टिकल्याचा पुरावा, आणि सगळ्यात शेवटी प्रमाणपत्र.

पैसा नेमका कुठे अडकलेला असतो ते आधी पाहू. आठ टप्प्यांची एखादी प्रक्रिया घ्या. प्रत्येक टप्प्यावर ९७ टक्के काम पहिल्याच फेरीत बरोबर होते. ऐकायला आकडा चांगला वाटतो. पण आठही टप्पे एकदाही अडखळल्याशिवाय पार करणारे नग किती, याचा हिशेब ०.९७ ला आठ वेळा गुणून करावा लागतो आणि उत्तर येते ७८.४ टक्के. म्हणजे हजारातले सुमारे २१६ नग कुठे ना कुठे थांबले, परत मशिनवर चढले, घासले गेले, पुन्हा तपासले गेले किंवा भंगारात गेले. शेवटच्या तपासणीचा अहवाल मात्र ९८ टक्के पास दाखवत असतो, कारण दुरुस्त होऊन आलेला नग तिथे चांगलाच मोजला जातो. गुणवत्ता तज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी याला कारखान्याच्या आत दडलेला दुसरा कारखाना म्हटले. त्याला माणसे लागतात, वीज लागते, जागा लागते, मशिनचा वेळ लागतो, पण जमाखर्चात त्याच्या नावाचे खाते नसते. चांगले प्रशिक्षण सर्वात आधी हे खाते उघडायला शिकवते.

खाते उघडल्यावर त्याचे चार भाग पडतात: चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, आत सापडलेल्या चुकांचा खर्च आणि ग्राहकाकडे पोचलेल्या चुकांचा खर्च. बहुतेक ठिकाणी पहिला भाग सगळ्यात लहान असतो आणि शेवटचे दोन सगळ्यात मोठे. त्यातला चौथा भाग नेहमी कमी मोजला जातो. परत आलेल्या मालाची किंमत धरली जाते. पण तो माल निवडायला पाठवलेली माणसे, तातडीने पाठवलेल्या बदली मालाचे भाडे, त्यासाठी मोडलेले उत्पादनाचे वेळापत्रक आणि चिडलेल्या ग्राहकाशी आठवडाभर बोलत बसलेला अभियंता वेगवेगळ्या खात्यांत विखुरतात.

बचत मोजतानाही असाच घोळ होतो, फक्त उलट्या दिशेने. भंगारात जाणारा नग वाचला की त्याची विक्री किंमत बचत म्हणून लिहिली जाते. ते बरोबर असते, पण ठराविक परिस्थितीतच. ज्या मशिनमुळे सगळ्या कारखान्याचा वेग ठरतो, म्हणजे जिथे काम तुंबते, त्या मशिननंतर नग वाया गेला तर खरोखर एक विक्री बुडते, अर्थात बाजारात मागणी असेल तर. त्या मशिनच्या आधी वाया गेला तर नुकसान फार तर कच्च्या मालाचे आणि वीज, हत्यारे अशा बदलत्या खर्चाचे. हा फरक वर्गात शिकवलाच पाहिजे, कारण प्रकल्प कुठे घ्यायचा हे त्यावरून ठरते. एकाच टक्क्याची सुधारणा दोन वेगळ्या मशिनवर कितीतरी पट वेगळे पैसे देते.

वाचलेल्या वेळेचेही तसेच. दहा माणसांचा रोज अर्धा तास वाचला तर पाच तास झाले. पण त्या पाच तासांत दुसरे काम झाले नाही किंवा ओव्हरटाइम कमी झाला नाही, तर रोख बचत शून्य आहे. ती क्षमता आहे, आणि क्षमतेचे पैसे व्हायला कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो. अहवालात या दोन गोष्टींना दोन वेगळे रकाने हवेत. एकदा का वित्त विभागाने फुगवलेली बचत पकडली की पुढच्या दहा प्रकल्पांच्या खऱ्या बचतीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच वित्त विभागाच्या माणसाची सही हवी: मोजण्याची पद्धत कोणती, आजचा आकडा काय, आणि बचत किती महिने धरायची. साधारणपणे बारा महिने धरतात आणि ते योग्य आहे.

खेळत्या भांडवलातला फायदा मात्र अनेकदा मोजायचाच राहून जातो. प्रक्रियेत अडकलेला माल म्हणजे रोजचे उत्पादन गुणिले एका नगाला आत जाऊन बाहेर पडायला लागणारे दिवस. रोज १०० नग निघत असतील आणि एका नगाला १२ दिवस लागत असतील, तर १,२०० नग कायम वाटेत असतात. दुरुस्तीसाठी परत जाणारा माल आणि तपासणीची रांग कमी होऊन १२ दिवसांचे ७ झाले, तर वाटेतले नग ७०० होतात आणि ५०० नगांत गुंतलेला पैसा मोकळा होतो. तो एकदाच मोकळा होतो, दरवर्षी नाही, हे लिहायला विसरू नये.

आता प्रशिक्षण कुठे कामी येते ते जवळून पाहू. २० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट लेथवर कातला जातो आहे, मर्यादा अधिक-उणे ०.०५. रिजेक्शन वाढले आहे. नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे मशिन जुने झाले, नाहीतर ऑपरेटर नवीन आहे. ज्याने मापनपद्धतीचा अभ्यास मनापासून शिकला आहे, तो मशिनला हात लावण्याआधी मोजमापाला हात लावतो. दहा नग, तीन निरीक्षक, प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा मोजायचा, एकूण ९० नोंदी. नगांचा क्रम दर फेरीला बदलायचा आणि मोजणाऱ्याला नगाचा क्रमांक दिसू द्यायचा नाही. या नोंदींतून मोजण्यातली चूक वेगळी काढता येते. समजा, डिजिटल व्हर्निअरने मोजताना तिचे प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती साधारण किती विखुरतात त्याचे माप) ०.००६ मिलिमीटर निघाले. त्याची सहापट ०.०३६, एकूण मर्यादा ०.१०. म्हणजे मर्यादेचा ३६ टक्के भाग मोजण्यातच गेला. वाहन उद्योगात रूढ असलेला दंडक असा की हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, १० ते ३० दरम्यान असेल तर कामाचे महत्त्व पाहून चालवून घ्यायची, ३० च्या वर असेल तर ती वापरायची नाही.

३६ टक्के म्हणजे व्यवहारात काय होते? खरे माप २०.०४७ असलेला नग मर्यादेत आहे, चांगला आहे. पण या पद्धतीने तो शंभरदा मोजला तर सुमारे ३१ वेळा नापास होईल. तसाच मर्यादेच्या जरा बाहेरचा नग अनेकदा पास होऊन ग्राहकाकडे जाईल. लाइनवर जी वादावादी चालते, पहिल्या शिफ्टने पास केलेला माल दुसरी शिफ्ट नापास करते, ती बहुतेक वेळा इथून निघते. व्हर्निअरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र अगदी ताजे असू शकते. कॅलिब्रेशन हे सांगते की प्रमाणित ठोकळ्यावर उपकरण बरोबर वाचते. तीन माणसांच्या हातात, कडेला बर, म्हणजे कातताना उरलेली धारदार कड, राहिलेल्या नगावर, घाईत ते कसे वाचते हे सांगत नाही. इथे उपाय म्हणजे ०.००१ पर्यंत वाचणारा मायक्रोमीटर, त्याला स्टँड, बर काढूनच मोजायची सक्ती, आणि व्यास कोणत्या ठिकाणी मोजायचा याची खूण. चुकीचे प्रमाण विचलन ०.००१५ वर आले की टक्केवारी ९ होते. नवीन लेथ विकत घेण्याचा प्रस्ताव अशा वेळी कागदावरच थांबतो, आणि प्रशिक्षणाचा खर्च एका झटक्यात निघतो तो असा.

या अभ्यासात ठरलेल्या चुका होतात. दहाही नग एकाच तासाच्या उत्पादनातून उचलले जातात, त्यामुळे त्यांच्यात फरकच नसतो आणि निकाल नगांच्या खऱ्या पसाऱ्याशी ताडता येत नाही. नग निवडताना मर्यादेच्या दोन्ही टोकांचे आणि बाहेरचेही घ्यायला हवेत. दुसरी चूक, ज्यांचे हात सगळ्यात स्थिर असे तीन निरीक्षक मुद्दाम निवडले जातात. रोज जे मोजतात त्यांना बाजूला ठेवले जाते. तापमानाचा बागुलबुवा मात्र उगाच केला जातो. मोजमापाचे प्रमाणित तापमान २० अंश सेल्सियस असते आणि पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढते. २० मिलिमीटरचा नग दहा अंश तापला तरी वाढ सव्वादोन-अडीच मायक्रॉनची; इथे त्याने फारसे बिघडत नाही. २०० मिलिमीटरच्या नगावर तीच वाढ २३ मायक्रॉन होते आणि तिथे नग थंड होऊ देणे भाग पडते. कुठे काळजी करायची आणि कुठे नाही, हे आकड्यावरून ठरवता येणे, हाच शिक्षणाचा खरा उपयोग.

मोजमाप सुधारल्यावर पुढची गोष्ट ऑपरेटरच्या सवयीची. नग ०.०१ मोठा आला की ऑफसेट (मशिनमधली हत्याराच्या जागेची जुळवणी) ०.०१ ने कमी, पुढचा लहान आला की परत वाढव. मन लावून काम करणारा माणूस हे करतो, आणि त्यामुळेच ते थांबवायला कुणी जात नाही. पण प्रक्रिया स्थिर असेल तर प्रत्येक नगानंतर असे जुळवत राहिल्याने पसारा वाढतो. गणिताने विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, नेमके दुप्पट होते. मूळ प्रमाण विचलन ०.०१० असेल तर ते ०.०१४ होते. मर्यादेची रुंदी भागिले सहा प्रमाण विचलने, हा क्षमतेचा निर्देशांक १.६७ वरून १.१८ वर येतो. मशिन तेच, माल तोच, माणूस तोच, आणि आरामात चालणारी प्रक्रिया ओढाताणीला लागली. नियंत्रण आलेख यासाठीच असतो. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तो मांडला, आणि केव्हा हात लावायचा व केव्हा लावायचा नाही, एवढे एकच काम तो करतो. पाच-पाच नगांचे २० ते २५ गट मोजायचे, प्रत्येक गटाची सरासरी आणि पल्ला (सर्वात मोठ्या व सर्वात लहान मापातला फरक) काढायचा, सरासरीच्या दोन्ही बाजूंना ०.५७७ गुणिले सरासरी पल्ला एवढ्या अंतरावर रेषा मारायच्या. रेषेच्या बाहेर ठिपका गेला किंवा एकाच बाजूला सलग आठ ठिपके पडले तर कारण शोधायचे. नाहीतर ऑफसेटला हात लावायचा नाही.

या आलेखावर ड्रॉइंगमधल्या मर्यादा काढणे ही इतकी पसरलेली चूक आहे की ती पाहिली की त्या कंपनीतले प्रशिक्षण वरवरचे झाले हे लगेच कळते. आलेखाच्या रेषा प्रक्रिया स्वतः काय करते आहे ते सांगतात; ड्रॉइंगच्या मर्यादा ग्राहकाला काय हवे ते सांगतात. शिवाय आलेखावर गटांच्या सरासऱ्या असतात, सुट्या नगांची मापे नसतात. त्या दोन गोष्टी एका कागदावर आल्या की ऑपरेटरला खोटा दिलासा मिळतो.

कार्यालयीन कामात लेथ नसतो, पण दडलेला कारखाना तसाच असतो. बिल परत येते कारण खरेदी आदेशाचा क्रमांक चुकला, कराचा तपशील जुळला नाही, माल पोचल्याची पावती जोडली नाही. तिथे पहिले काम म्हणजे चुकीची व्याख्या ठरवणे. दोन माणसांनी तीच पन्नास बिले वेगवेगळी तपासून सारखाच निकाल द्यायला हवा. निकाल जुळत नसेल तर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. हेही मोजमापाचेच प्रकरण आहे, फक्त मायक्रोमीटरशिवाय.

मग हे शिकवायचे कुणाला? इथे आमचे मत प्रचलित पद्धतीच्या विरोधात आहे. सगळ्यांना दोन दिवसांचा कोर्स देऊन सगळ्यांना पिवळा बेल्ट वाटणे हा बहुतेक ठिकाणी वाया गेलेला खर्च असतो. ज्याला महिनाभरात शिकलेले वापरायची संधी मिळत नाही तो ते विसरतो. पहिला पैसा वरच्या माणसांवर आणि सुपरवायझरवर घालावा.

इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हजारो अभियंते आणि निरीक्षकांना सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण शिकवले गेले. युद्ध संपल्यावर मागणी इतकी होती की माल कसाही खपत होता, आणि ते शिक्षण बहुतेक ठिकाणी विरून गेले. व्यवस्थापनाला आपली जबाबदारी कळलीच नव्हती, असे कारण अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी पुढे दिले. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेने त्यांना बोलावले तेव्हा अभियंत्यांच्या वर्गांबरोबर उद्योगप्रमुखांपुढेही ते बोलले. १९५४ मध्ये दुसरे गुणवत्ता तज्ज्ञ जोसेफ जुरान आले. त्यांची व्याख्याने वरिष्ठ आणि मधल्या व्यवस्थापकांसाठी होती. कामगारांची गुणवत्ता मंडळे तिथे १९६२ पासून नोंदवली जाऊ लागली, म्हणजे वरच्यांचे शिक्षण सुरू होऊन दशक उलटल्यावर. आज ही मंडळे उचलून थेट तळाशी बसवली जातात आणि वरचे साहेब उद्घाटनाला येऊन जातात. ऑपरेटरने आलेख पाहून मशिन थांबवले आणि सुपरवायझरने आकडा पुरा करायचा म्हणून ते परत सुरू करायला लावले, की त्या ऑपरेटरचे प्रशिक्षण तिथेच संपले.

शिकवण्याचे वेळापत्रकही महत्त्वाचे. ब्लॅक बेल्टचा जुना, चांगला आराखडा चार महिन्यांचा होता: दर महिन्याला एक आठवडा वर्ग आणि मधले तीन आठवडे स्वतःच्या प्रकल्पावर काम. पहिल्या वर्गात प्रकल्पाची व्याख्या आणि मोजमाप शिकायचे, परत जाऊन मोजायचे, आणि जे अडले ते घेऊन दुसऱ्या वर्गाला यायचे. चारही आठवडे सलग उरकले तर खर्च कमी होतो, पण अडलेले प्रश्न घेऊन परत येण्याची वेळच उरत नाही. ग्रीन बेल्टसाठी साधारण दोन आठवडे पुरतात, मात्र त्या माणसाच्या कामाच्या वेळेतला पाचवा ते चौथा हिस्सा प्रकल्पासाठी मोकळा करून द्यावा लागतो. रोजचे सगळे काम सांभाळून प्रकल्प कर, असे सांगितले की दोनच गोष्टी होतात: प्रकल्प रखडतो, किंवा आधीच झालेल्या सुधारणेला मागाहून प्रकल्पाचे कागद जोडले जातात.

प्रकल्प कसा निवडावा यावर अर्धे यश अवलंबून असते. 'ग्राहक समाधान वाढवणे' हा प्रकल्प नव्हे. 'क्रमांक ३ च्या लाइनवरील शाफ्टच्या व्यासाचे रिजेक्शन ४.२ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर, पाच महिन्यांत' हा प्रकल्प आहे. सहा महिन्यांच्या पलीकडे लांबलेले प्रकल्प सहसा मरतात. तोवर प्रायोजक अधिकारी बदललेला असतो. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे ते काम प्रकल्प म्हणून घेऊ नये, सरळ करून टाकावे. आणि शेवटचा टप्पा, म्हणजे सुधारणा टिकवण्याचा, सगळ्यात कंटाळवाणा म्हणून सगळ्यात आधी गाळला जातो. बदललेली पद्धत कामाच्या सूचनेत लिहिली नाही, नवीन माणसाच्या प्रशिक्षणात घातली नाही, आलेख कुणी पाहायचा आणि बिघडला तर काय करायचे हे ठरले नाही, तर चार महिन्यांत रिजेक्शन जिथे होते तिथे परत येते.

आता प्रमाणपत्राकडे. व्यक्तीला मिळणारे आणि कंपनीला मिळणारे, असे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळले जातात.

बेल्ट देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. सिक्स सिग्मा १९८६ मध्ये मोटोरोलात सुरू झाले, १९९० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमुळे सर्वत्र पसरले, आणि त्यानंतर ज्याला हवे तो बेल्ट देऊ लागला. एका टोकाला अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था आहे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसायला ती पूर्ण केलेल्या प्रकल्पाचे स्वाक्षरीसह प्रतिज्ञापत्र मागते. दुसऱ्या टोकाला शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सनंतर वीस प्रश्नांची चाचणी घेऊन ब्लॅक बेल्ट छापून देणारे आहेत. भरती करताना दोघांच्या बायोडेटात शब्द एकच दिसतो. मुलाखतीत एकच विचारावे: तुमच्या प्रकल्पात मापनपद्धतीची चूक किती टक्के निघाली आणि ती कशी कमी केली? ज्याने काम केले आहे तो आकडा सांगेल आणि अडचणीही सांगेल. दहा लाखांत ३.४ दोष हे वाक्य पाठ असणे पुरेसे नाही. त्या आकड्यात प्रक्रिया कालांतराने दीड सिग्मा (म्हणजे दीड प्रमाण विचलन) सरकते असे गृहीत धरले आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

शिकवणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी. वाहन उद्योगासाठीचा कोर्स असेल आणि संभाव्य बिघाडांच्या विश्लेषणात तीन गुणांकांचा गुणाकार करून क्रम लावायलाच शिकवत असतील, तर तो अभ्यासक्रम जुना आहे. तीव्रता ९, शक्यता २, सापडण्याची अवघडता २ यांचा गुणाकार ३६ येतो; ३, ४, ४ चा ४८. म्हणजे जीवघेणा बिघाड किरकोळ बिघाडाच्या मागे पडतो. २०१९ मध्ये अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांनी मिळून काढलेल्या पुस्तिकेत हा गुणाकार वगळून तीव्रतेला आधी महत्त्व देणारे प्राधान्य आणले.

कंपनीच्या प्रमाणपत्रात आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक सगळ्यात परिचित. १९८७ मध्ये ते आले आणि २०१५ च्या आवृत्तीने त्यात जोखमीचा विचार ठळकपणे आणला. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही; ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात, आणि त्या अधिस्वीकृत, म्हणजे स्वतः मान्यताप्राप्त, आहेत की नाहीत हे पाहणे ग्राहकाचे काम. पहिले ऑडिट दोन टप्प्यांत होते, प्रमाणपत्र तीन वर्षे चालते आणि मधल्या वर्षांत देखरेखीची ऑडिट होतात. पुरवठादाराचे प्रमाणपत्र पाहताना नाव व तारीख सगळे पाहतात, व्याप्तीची ओळ कुणी वाचत नाही. तिथे कधी फक्त विक्री आणि वितरण लिहिलेले असते आणि आपण त्याच्याकडून घडवलेला भाग घेत असतो.

प्रशिक्षणाबद्दल या मानकात एक फार उपयुक्त अट आहे. कलम ७.२ सांगते की आवश्यक क्षमता ठरवा, ती नसेल तर मिळवण्यासाठी पावले उचला, आणि त्या पावलांचा परिणाम झाला का ते तपासा. बहुतेक फायलींत याच्या पुराव्यादाखल वर्ग संपताना भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद असतो: प्रशिक्षक कसा वाटला, चहा-जेवण कसे होते. त्यातून परिणाम कळत नाही. महिन्याने त्या माणसाला आलेख भरताना पाहा, तीन महिन्यांनी त्याच्या लाइनचा आकडा पाहा. आणि एक गोष्ट ऑडिटरनीही ठामपणे नाकारायला हवी: चुकीच्या मूळ कारणाच्या उत्तरात 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले' हे वाक्य. उलटा बसू शकणारा भाग उलटा बसला, तर तो उलटा बसूच नये अशी खाच किंवा पिन द्या. माणसाला तिसऱ्यांदा वर्गात बसवून काही बदलत नाही.

प्रमाणपत्र असले की माल चांगला असतोच असे नाही, याचे सगळ्यात कटू उदाहरण फ्रान्समधले आहे. स्तनरोपणे बनवणाऱ्या पीआयपी या कंपनीची गुणवत्ता व्यवस्था युरोपीय नियमांप्रमाणे प्रमाणित होती. २०१० मध्ये उघड झाले की ती मान्यताप्राप्त वैद्यकीय जेलऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन वापरत होती. ऑडिटरच्या भेटींची सूचना आधी मिळत असे आणि भेटीपूर्वी सामान हलवले जात असे. ऑडिट नमुन्यावर चालते आणि समोर ठेवलेले पाहते. मुद्दाम लपवलेले शोधण्यासाठी त्याची रचना नसते.

तरीही कंपनीच्या प्रमाणपत्राचा धंद्याला उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेव्हाइन आणि टॉफेल यांच्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या सुमारे हजार कंपन्यांची तुलना होती. आयएसओ ९००१ घेतलेल्या कंपन्या, तशाच पण न घेतलेल्या कंपन्यांच्या तुलनेत, जास्त प्रमाणात टिकल्या आणि त्यांची विक्री व रोजगार अधिक वाढले. याचे एक सरळ कारण असे की मोठे ग्राहक प्रमाणपत्राशिवाय चौकशीच पाठवत नाहीत. दार उघडण्याचा तो फायदा खरा आहे आणि मोजता येतो: गेल्या वर्षी प्रमाणपत्र नाही म्हणून किती चौकशा हातच्या गेल्या, हे विक्री विभाग सांगू शकतो. फक्त हा फायदा आणि दोष कमी झाल्याचा फायदा वेगवेगळा लिहावा. पहिला कागदाने मिळतो, दुसरा कामाने.

शिकवलेला माणूस सोडून जाईल, हा आक्षेप मालक नेहमी घेतात. जाईलही. म्हणूनच सुधारणा त्याच्या डोक्यात न ठेवता कामाच्या सूचनेत, फिक्स्चरमध्ये (नग पकडून ठेवणाऱ्या साधनात) आणि आलेखात उतरायला हवी, आणि प्रमाणपत्र त्यानंतरच द्यायला हवे. प्रकल्प पूर्ण करून गेलेला माणूस आपली किंमत चुकती करून गेलेला असतो. कोर्स करून प्रकल्पाआधीच गेलेला माणूस हे खरे नुकसान, आणि ते आधी प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीमुळेच होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: या शिस्तीने नवे शोध मारले जातात. थ्रीएम कंपनीत २००१ नंतर तिचे प्रमुख जेम्स मॅकनर्नी यांनी सिक्स सिग्मा संशोधन विभागापर्यंत नेले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधनातला तो आग्रह सैल केला. आक्षेप मान्य करायलाच हवा. जिथे प्रयोग फसणे हाच कामाचा भाग आहे तिथे पसारा कमी करण्याचे तंत्र लादू नये. पण तोच युक्तिवाद बिलिंग विभागाने किंवा लेथच्या लाइनने वापरला तर तो टिकत नाही. रोज तीच गोष्ट हजार वेळा करायची असेल तर ती सारखी झालीच पाहिजे.

लहान उद्योगाला चार महिन्यांचा ब्लॅक बेल्ट परवडत नाही. त्याने मापनपद्धतीचा अभ्यास, नियंत्रण आलेख आणि मूळ कारण शोधण्याची पद्धत एवढेच एका सुपरवायझरला आणि एका निरीक्षकाला नीट शिकवावे. प्रशिक्षक वर्गाच्या खोलीत न आणता लाइनवर आणावा, तिथलेच नग मोजायला लावावेत.

आणि करार करताना चार अटी लेखी घ्याव्यात. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक उमेदवाराकडे वित्त विभागाने मान्य केलेला प्रकल्प आणि किमान आठ-दहा आठवड्यांचा आधारभूत डेटा असेल. वर्गांमध्ये किमान तीन आठवड्यांचे अंतर असेल आणि त्या काळात प्रशिक्षक एकदा तरी प्रत्यक्ष लाइनवर येईल. प्रमाणपत्र सुधारित आकडा सलग तीन महिने टिकल्यावरच दिले जाईल. शुल्काचा पाचवा हिस्सा सहा महिन्यांनंतरच्या आकड्यावर राखून ठेवला जाईल. शेवटच्या अटीवर प्रशिक्षण संस्था कुरकुर करतील. परिणाम आमच्या हातात नसतो असे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, कारण उमेदवाराला वेळ देणे कंपनीच्या हातात असते. म्हणून त्याच करारात कंपनीनेही लिहून द्यावे की आठवड्यातला किमान एक दिवस त्या माणसाला दुसरे काम सांगितले जाणार नाही, आणि तो दिवस पाळला गेला नाही तर राखलेले शुल्क पूर्ण द्यावे लागेल.